अवकाश दुर्बिणीच्या आरशासाठी लवचीक माउंट: पहिल्या आकडेमोडीपासून शेकर टेबलापर्यंत

आरशाचं माउंट (त्याला धरून ठेवणारी बैठक) डिझाइन करायला बसलं की बहुतेकांचा हात आधी इन्वारकडे जातो. तापमान बदललं तरी हा मिश्रधातू फारसा प्रसरण पावत नाही, तेव्हा सगळं इन्वारचं केलं की प्रश्न मिटला, असा समज असतो. तापमान हा शत्रू खराच, पण छोट्या आरशांच्या बाबतीत तो बऱ्याचदा दुसऱ्या क्रमांकाचा असतो. पहिला शत्रू म्हणजे बोल्ट आवळल्यावर किंचित वाकडी होणारी खालची प्लेट. तो वाकडेपणा नजरेला दिसत नाही, रेखाचित्रात तर नसतोच. असं का, ते एका आरशाचा पूर्ण हिशेब करूनच बघू. गोव्यात फर्मागुडी असो की झुआरीनगर, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कॅल्क्युलेटर घेऊन सोबत चालता येईल इतपतच गणित यात आहे.

उदाहरणाचा आरसा असा धरू: झेरोडूर (तापमानाने जवळपास न प्रसरणारी काच-सिरॅमिक), व्यास २०० मिमी, जाडी ३० मिमी. घनता २.५३ धरली तर वजन सुमारे २.४ किलो. खाली अॅल्युमिनियमची बेस प्लेट. जोडणी २५ अंशांच्या एसी खोलीत, आणि कक्षेत आरसा ५ अंशांवर चालणार, म्हणजे २० अंशांचा फरक. अॅस्ट्रोसॅटवरच्या अतिनील दुर्बिणीचे मुख्य आरसे साधारण ३७५ मिमीचे आहेत, त्या मानाने आपला आरसा धाकटा. पण तत्त्वं तीच.

आधी नॅनोमीटर वाटून घ्या

कागदावर पहिली ओळ धातूची नको, चुकीच्या वाटपाची हवी. समजा पृष्ठभागाची एकूण चूक ६३३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पन्नासाव्या भागात, म्हणजे १२.७ नॅनोमीटर आरएमएसमध्ये (चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) बसवायची आहे. यातले ८ पॉलिशिंगला द्या, ५ माउंटला, ५ आरसा चिकटवणाऱ्या इपॉक्सीला. उरलेलं गुरुत्व आणि तापमानातल्या असमानतेसाठी राखून ठेवा. या चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं असतं, म्हणून हे आकडे पहिल्या नजरेला वाटतात तेवढे कंजूष नाहीत.

माउंटच्या वाट्याला आलेल्या ५ नॅनोमीटरचं रूपांतर बलात कसं करायचं? एफईएमध्ये (वस्तूचे बारीक भाग पाडून ती किती वाकते ते काढणारं संगणकी गणित) आरशाच्या कडेला, जिथे पॅड (आरसा आणि माउंट यांना जोडणारा धातूचा छोटा तुकडा) चिकटणार तिथे, एकच न्यूटन बल लावा आणि पृष्ठभाग किती नॅनोमीटर बिघडतो ते लिहून ठेवा. मग एक न्यूटन-मिमी मोमेंट (फिरवू किंवा वाकवू पाहणारा जोर) लावा, तोही आकडा लिहा. तिन्ही अक्षांसाठी हे करा. आरसा रेषीय वागतो, त्यामुळे पुढे माउंटचे कितीही पर्याय आले तरी फक्त गुणाकार करायचा. दर वेळी पूर्ण मॉडेल चालवत बसायची गरज नाही. हा छोटा तक्ता हाताशी नसेल तर पुढचं सगळं अंदाजाचं काम.

बंधनं मोजा, खरी मोजा

कुठल्याही वस्तूच्या हालचाली सहा: तीन सरकण्याच्या, तीन फिरण्याच्या. माउंटने नेमक्या सहा धराव्यात. कमी धरल्या तर आरसा डुगडुगेल. जास्त धरल्या तर बेसची प्रत्येक वाकडी खोड आरशात उतरेल. जेम्स वेबच्या १८ बेरिलियम तुकड्यांपैकी प्रत्येक तुकडा सहा पायांवर बसला आहे आणि ते पाय अॅक्चुएटरने लांब-आखूड होतात. आपल्याकडे अॅक्चुएटर नाहीत, पण सहाचा हिशेब तोच.

सर्वांत सोपा पर्याय म्हणून आरशाच्या कडेला १२० अंशांवर तीन पातळ पट्ट्या उभ्या करतात, पट्टीचा सपाट चेहरा आरशाच्या केंद्राकडे. हॅकसॉचं जुनं ब्लेड व्हाइसमध्ये धरून बघा. सपाट बाजूने बोटाने ढकललं तर सहज वाकतं, धारेच्या बाजूने ढकला, हलत नाही. वरून दाबलं तरी हलत नाही. म्हणजे पट्टी त्रिज्येच्या दिशेत मऊ, स्पर्शरेषेच्या आणि उभ्या दिशेत ताठ. पट्टीमागे दोन बंधनं, तीन पट्ट्यांची सहा. हिशेब जुळला असं वाटतं.

आता तेच ब्लेड वरच्या टोकाला धरून त्याच्याच पातळीत, म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखं फिरवून बघा. फिरत नाही! हे तिसरं बंधन पट्टी गुपचूप धरून ठेवते. तीन पट्ट्यांची बंधनं खरं तर नऊ. जास्तीची तीन कुठे त्रास देतात ते पुढे आकड्यांत येईल.

पट्टीचा हिशेब

टायटॅनियम सिक्स-फोर हा मिश्रधातू घेऊ: यंग मॉड्युलस (धातूचा ताठपणा) ११४ गिगापास्कल, यील्ड (ज्या ताणाला धातू कायमचा वाकतो तो) सुमारे ८८० मेगापास्कल. पट्टी २५ मिमी लांब, १५ मिमी रुंद, ०.५ मिमी जाड.

अॅल्युमिनियमचं प्रसरण अंशाला दशलक्षांश २३.६. त्रिज्या १०० मिमी आणि फरक २० अंश, म्हणजे बेस ४७ मायक्रॉन आत येणार. झेरोडूर जवळपास जागचा हलत नाही. पट्टीची त्रिज्येतली स्टिफनेस (एक मिमी हलवायला लागणारं बल) काढायची तर मॉड्युलसला रुंदीने आणि जाडीच्या घनाने गुणायचं आणि लांबीच्या घनाने भागायचं (दोन्ही टोकं न फिरता समांतर सरकतात म्हणून). उत्तर मिमीला सुमारे १४ न्यूटन. ४७ मायक्रॉनला बल ०.६४ न्यूटन. फार नाही.

यात जाडीचा घन आहे हे विसरू नका. ०.५ ऐवजी ०.५५ मिमी पट्टी हातात आली तर स्टिफनेस ३३ टक्क्यांनी वाढते. ड्रॉइंगवर जाडीला शंभरावा भाग मिलिमीटरची टॉलरन्स लिहायची ती यासाठी, बाकीची मापं सैल ठेवली तरी चालतात.

दुसरी गोष्ट: अशा पट्टीतलं बल तिच्या मध्यबिंदूतून जातं, टोकातून नाही. म्हणून पट्टीचा मध्य आरशाच्या जाडीच्या मध्यपातळीवर आणला तर तापमानामुळे आरशावर फक्त साधं दाबाचं बल येतं, वाकवणारा मोमेंट जवळपास शून्य. हे फुकटात मिळतं, सोडू नये.

लाँचचा हिशेब

किती जी (गुरुत्वाच्या किती पट झटका) धरायचे ते शेवटी रॉकेटवाले आणि उपग्रहवाले सांगतात. सुरुवातीच्या मापांसाठी मी ४० जी धरतो, कारण हलक्या वस्तूंना जास्त झटका बसतो. २.४ किलोला ४० जी म्हणजे सुमारे ९४० न्यूटन.

आडव्या दिशेत हे बल आलं तर तिन्ही पट्ट्या सारखा भार उचलत नाहीत. सर्वांत जास्त भार आलेल्या पट्टीच्या वाट्याला एकूण बलाचे दोन-तृतीयांश, म्हणजे ६२८ न्यूटन. ती धारेच्या दिशेत वाकते, स्ट्रेस सुमारे ४२० मेगापास्कल. १.२५ चा सुरक्षा गुणक लावून ५२५. टायटॅनियमला चालतं. हीच पट्टी इन्वारची केली असती तर? इन्वारचं यील्ड ढोबळमानाने २५० ते २७५ मेगापास्कल. पहिल्याच झटक्यात पट्टी कायमची वाकली असती. ‘सगळं इन्वारचं’ या सल्ल्याचं इथे दिवाळं निघतं. वाकणाऱ्या भागाला यील्ड जास्त आणि मॉड्युलस कमी असलेला धातू हवा, तो टायटॅनियम. काचेला चिकटणाऱ्या पॅडला प्रसरण कमी असलेला हवा, तो इन्वार. टायटॅनियमचे पाय तापमानाने लांब-आखूड होतात, पण तिन्हीकडे सारखेच, त्यामुळे आरसा चार-पाच मायक्रॉन वर-खाली सरकतो एवढंच, वाकत नाही.

बकलिंगही (दाबाखाली पट्टी अचानक मुडपणं) तपासा. उभ्या दिशेत प्रत्येक पट्टीवर ३१४ न्यूटन. वरचं टोक त्रिज्येत मोकळं सरकतं असं धरून सूत्र लावलं तर सीमा २८१ न्यूटन निघते आणि डिझाइन नापास होतं. पण आरसा एकाच वेळी तिन्ही पट्ट्यांच्या त्रिज्येत सरकू शकत नाही, एकीच्या त्रिज्येला उरलेल्या दोघी अडवतात. तेव्हा दोन्ही टोकं घट्ट धरलेली समजायची, आणि सीमा चौपट होऊन ११२५ न्यूटन होते. सूत्रातला गुणक कुठून आला हे न विचारता वापरला की चांगलं डिझाइन कचऱ्यात जातं.

नैसर्गिक वारंवारतेतही असाच चकवा आहे. आडव्या दिशेत फक्त वाकण्याचं सूत्र लावलं तर ४४० हर्ट्झ येतात. पण २५ मिमी लांब आणि १५ मिमी रुंद पट्टी म्हणजे आखूड, खोल बीम; तिच्यात कर्तनाने (शिअरने) होणारा बदल वाकण्याइतकाच मोठा असतो. तो धरला की आकडा ३०० हर्ट्झवर येतो. बेस आणि इपॉक्सी धरले की अजून खाली. १०० ते १५० हर्ट्झच्या नेहमीच्या मागणीपेक्षा तरीही वर आहे, ठीक.

इथपर्यंत पट्टी पास. बरेच आराखडे इथेच थांबतात.

बेस वाकडा झाला तर

समजा बेस प्लेटवर पट्टी बसायची १५ मिमी रुंद जागा आहे आणि बोल्ट आवळल्यावर तिची एक बाजू दुसरीपेक्षा १० मायक्रॉन वर राहिली. चांगल्या मिलिंगनंतरही एवढं होऊ शकतं. कोन झाला ०.६७ मिलिरेडियन. पट्टी तिच्या पातळीत फिरायला तयार नाही, तिची ती स्टिफनेस रेडियनला सहा लाख न्यूटन-मिमीच्या पुढे. गुणाकार करा: आरशाच्या कडेला सुमारे ४३० न्यूटन-मिमी मोमेंट.

२० अंश तापमान बदलून आलेलं बल होतं ०.६४ न्यूटन, आणि त्याचा मोमेंट आपण मध्य जुळवून जवळपास शून्यावर आणला होता. न जुळवता सोडला असता तरी तो ८ न्यूटन-मिमी झाला असता. दहा मायक्रॉनच्या वाकडेपणाने त्याच्या पन्नासपट मोमेंट दिला. तीन ठिकाणी तीन वेगळे वाकडेपण, म्हणजे आरशात अॅस्टिग्मॅटिझम (खोगिरासारखा बाक), किंवा तीन पाकळ्यांचा ट्रेफॉइल. इंटरफेरोमीटर या प्रकाशलहरींनी पृष्ठभाग मोजणाऱ्या उपकरणासमोर आरसा ठेवून एक-एक बोल्ट आवळताना प्रकाशाचे पट्टे कसे हलतात ते बघितलं की पुन्हा कुणी इन्वारचा हट्ट धरत नाही.

बायपॉड

उपाय म्हणजे पट्टीऐवजी दोन तिरके पाय, उलट्या व्ही आकाराचे, प्रत्येक पायाच्या दोन्ही टोकांना बारीक मान. पाय स्वतःच्या लांबीच्या दिशेत ताठ, बाकी सगळीकडे मऊ. एक पाय एक बंधन, सहा पाय सहा बंधनं. आता नऊ नाहीत.

मापं: पाय ४५ अंशांत तिरके, मानेपासून मानेपर्यंत २५ मिमी, मान १.२ बाय १.२ मिमी चौरस आणि ३ मिमी लांब. पायांच्या रेषा वर वाढवल्या की जिथे मिळतात तो काल्पनिक शिखरबिंदू आरशाच्या मध्यपातळीवर, म्हणजे गुरुत्वकेंद्राच्या उंचीवर, यायला हवा. वरची मान या बिंदूपासून पायाच्या रेषेत १० मिमीवर ठेवली तर ती मध्यपातळीच्या ७ मिमी खाली येते आणि दोन्ही मानांत १४ मिमी अंतर राहतं. २० मिमी रुंद, १५ मिमी उंच पॅडच्या खालच्या कडेला हे नेमकं बसतं. खालच्या माना मध्यपातळीच्या २५ मिमी खाली, एकमेकींपासून ५० मिमीवर.

आता तेच हिशेब पुन्हा. आडव्या लाँचमध्ये पायावर ४४४ न्यूटन, उभ्यामध्ये २२२. दोन्ही एकाच वेळी आले तर ६६६, मानेत सुमारे ४६० मेगापास्कल, गुणकासह ५८०. टायटॅनियम तग धरतं, मात्र मानेच्या कोपऱ्यांना गोलाई हवीच. शिखरबिंदू गुरुत्वकेंद्राच्या पातळीवर असल्याने आडव्या झटक्यात आरसा डोलत नाही. आडवी वारंवारता पट्टीच्या ३०० वरून ६५०च्या आसपास गेली. आणि बेसच्या त्याच ०.६७ मिलिरेडियनला मोमेंट उरतो २० न्यूटन-मिमीहून कमी.

नुकसान एका ठिकाणी आहे. त्रिज्येत बायपॉडची स्टिफनेस मिमीला सुमारे ४२ न्यूटन, पट्टीच्या तिप्पट. शिवाय त्या बलाची रेषा पायांच्या मध्यातून जाते, शिखरबिंदूतून नाही, त्यामुळे तापमानाचा मोमेंट ३० न्यूटन-मिमीच्या घरात येतो. पट्टीत तो शून्याजवळ होता. मी हा सौदा डोळे मिटून करतो: तापमानाचा मोमेंट आधीच सांगता येतो, तिन्हीकडे सारखा असतो आणि त्याचा बराचसा परिणाम फोकस थोडा सरकवून भरून निघतो. बोल्टचा वाकडेपणा मात्र दर जोडणीला नवा.

आरसा फार थंडीत चालणार असेल तर हे गणित बदलतं. जेम्स वेबचे आरसे ५० केल्व्हिनच्या खाली चालतात. ते आधी थंड करून मोजले आणि मग थंडीत बरोबर आकार येईल अशा बेताने पुन्हा पॉलिश केले. इतकी थंडी असेल तर माउंट आणि आरसा एकाच धातूचे करण्याचा विचार आधी करा.

कारखान्यात

तीन बायपॉड, प्रत्येक एकाच ठोकळ्यातून. दोन दिशांनी वायर-कट (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणं) लागतं, कारण मान दोन्ही बाजूंनी बारीक आहे. वेर्णा, कुंडईच्या वसाहतींत टूल-रूममध्ये विचारपूस केली की वायर-कटवाला मिळतो, पण त्याला अवकाशाचं भाषण देऊ नका, तीन गोष्टी ड्रॉइंगवर लिहून द्या. ऑपरेटर हमखास विचारतो, ‘‘सर, वायर ०.२५ची आहे, कोपऱ्याला रेडियस किती चालेल?’’ ०.५ मिमी द्या, मानेला तेच हवं असतं. दुसरं, शेवटचे दोन-तीन कट कमी ऊर्जेचे मागा. ठिणगीने वितळून पुन्हा गोठलेला पृष्ठभागाचा थर ठिसूळ असतो, भेगा तिथूनच सुरू होतात, आणि हलक्या कटांनी तो पातळ होतो. उरलेला थर आम्लाने काढतात, पण टायटॅनियमसाठी त्यात हायड्रोफ्लुओरिक आम्ल येतं. ते कॉलेजच्या लॅबमध्ये कुणीही करू नये, प्रक्रिया करणाऱ्या अनुभवी कंपनीकडेच द्यावं.

तिसरं: पाय आणि चौकट यांना जोडणारा एक जाड पूल शेवटपर्यंत न कापता ठेवायला सांगा, किंवा लॉक पिनसाठी भोकं ठेवा. माना मोकळ्या झाल्या की त्या वाकायला बायपॉड हातातून टेबलावर पडणंसुद्धा पुरेसं असतं.

इन्वारच्या पॅडबद्दल आपल्या किनाऱ्यावर वेगळं सांगायला हवं. त्यात ३६ टक्के निकेल असलं तरी बाकीचं लोखंडच, आणि खाऱ्या हवेत ते गंजतं. मशीनिंगनंतर लगेच निकेल प्लेटिंग, तोवर सिलिका जेलच्या डब्यात.

चिकटवणं

सपाट पॅड गोल कडेला लावू नका. १०० मिमी त्रिज्येच्या कडेवर २० मिमी रुंद पॅडच्या टोकांशी अर्ध्या मिलिमीटरची फट पडते. इपॉक्सीचा थर मध्यात ०.२ आणि कडेला ०.७ मिमी झाला की सुकताना तो आरशाला असमान ओढतो. पॅडला १००.२ मिमी त्रिज्येची खोलगट बाजू वायर-कटनेच करून घ्या. थराची जाडी राखायला इपॉक्सीत ०.२ मिमीचे काचेचे मणी मिसळतात.

थ्री-एमचं २२१६ ग्रे हे या कामात वर्षानुवर्षं चालत आलेलं इपॉक्सी. वजनाने बेसचे पाच भाग आणि अॅक्सिलरेटरचे सात, काट्यावर मोजून. ३०० चौरस मिमी पॅडवर ६२८ न्यूटन म्हणजे २ मेगापास्कलच्या थोडं वर, इपॉक्सीला ओझं नाही. काळजी काचेची: झेरोडूरमध्ये कुठेही १० मेगापास्कलच्या वर ओढ येऊ नये हा जुना, सावध नियम पाळा, आणि पॅडच्या जागेचं ग्राइंडिंग बारीक करून सूक्ष्म भेगा आम्लाने काढलेल्या असाव्यात. इपॉक्सी निवडताना निर्वातात ते किती वायू सोडतं तेही बघा. प्रचलित सीमा अशी: एकूण वजनातली घट १ टक्क्याच्या आत, आणि त्यातलं थंड पृष्ठभागावर साचू शकणारं ०.१ टक्क्याच्या आत. साचायला सर्वांत जवळचा थंड पृष्ठभाग तुमचा आरसाच असतो.

घाईने भट्टीत टाकू नका. ६६ अंशांवर हे दोन तासांत पिकतं, पण मग त्या तापमानाचा ताण थरात कायमचा अडकतो. खोलीच्या तापमानावर सात दिवस द्या. जून ते सप्टेंबर असेल तर डिह्युमिडिफायर चालू, आर्द्रतामापक बेंचवर, आणि उघडलेली ट्यूब परत वापरायची नाही. अमाइन जातीचे हार्डनर ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात, पृष्ठभागावर तेलकट पापुद्रा येतो आणि चिकटपणा जातो. चवथीच्या आधी काम उरकायचं म्हणून पावसात खिडकी उघडी ठेवून चिकटवलेला आरसा शेकरवर (लाँचसारखे हादरे देणाऱ्या टेबलावर) नेऊ नये. प्रत्येक मिश्रणातून दोन नमुना पट्ट्या चिकटवून ठेवा आणि आठव्या दिवशी तोडून बघा.

चाचणी, याच क्रमाने

आधी आरसा इंटरफेरोमीटरवर, माउंटशिवाय. मग चिकटवल्यावर. मग बेसवर बोल्ट आवळल्यावर. एक बोल्ट सैल करून पुन्हा आवळा आणि आकृती किती बदलते ते नोंदवा. हा बदल माउंटच्या ५ नॅनोमीटरच्या आत असेल तर बायपॉड काम करतोय. गुरुत्वाचा भाग वेगळा काढायला आरशाचा अक्ष आडवा ठेवून, त्या अक्षाभोवती आरसा १८० अंश फिरवून दोनदा मोजा: माउंटसकट फिरवल्याने आरशाच्या स्वतःच्या चुका आरशाबरोबर फिरतात, गुरुत्वाची दिशा मात्र जागची जागी राहते.

मग शेकर. पूर्ण पातळीच्या आधी आणि नंतर अर्ध्या जीचा हलका साइन स्वीप (वारंवारता हळूहळू बदलत दिलेला हादरा) घ्या आणि शिखरांची तुलना करा. वारंवारता पाच टक्क्यांपेक्षा जास्त सरकली तर थांबा. आधी बोल्टचा टॉर्क तपासा, बऱ्याचदा तिथेच असतं. टॉर्क बरोबर असेल तर पॅडच्या कडा भिंगाखाली बघा, इपॉक्सी आणि काच यांमध्ये चमकणारी रेघ दिसते का ते. तीही नसेल तरच बायपॉड काढा आणि मानांवर डाय पेनिट्रंट (भेगा दाखवणारा रंगीत द्रव) लावा. शेकरनंतर थर्मल व्हॅक्यूम (निर्वातात तापवण्या-गारवण्याची चाचणी), आणि त्यानंतर पुन्हा इंटरफेरोमीटर, पहिल्या मोजमापाच्याच स्थितीत, त्याच टॉर्कवर.